हात भरून येतायत? खर्चाआधी हँडल लावून घ्या

साखळी, डिचोली, वाळपई या भागातून रोज पणजीला किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकीवर जाणाऱ्यांशी बोललात तर तक्रार बहुतेकांची एकच असते. अर्ध्या वाटेत बोटांना मुंग्या येतात, खांदा ठणकतो, उतरल्यावर मान वळवताना कळ येते. मग कुणी सांगतं हँडल उंच करणारा रायझर घाल, कुणी सांगतं रुंद हँडल घाल. दुकानात दोन्ही मिळतं, तासाभरात बसवूनही मिळतं, आणि खांद्यातलं दुखणं आठवड्याभरात कमरेत येतं.

कंपनीतून येणारी गाडी कुठल्यातरी मध्यम अंगाच्या माणसासाठी लावलेली असते. तुमचे हात लांब असतील, उंची कमी असेल, पोट थोडं पुढे असेल, तर ती तुमच्या अंगाला लावून घ्यावी लागते. हे क्रमाने केलं तर बऱ्याच जणांचं काम एक रुपयाही न घालवता होतं. आधी बसणं, मग लिव्हर, मग हँडलचा कोन, मग उंची, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तरच नवं हँडल. मीटर, मोबाइल आणि आरसे सगळ्यांत शेवटी, कारण हँडल हललं की त्यांची जागा पुन्हा बदलावी लागते.

दुखतंय कुठे ते आधी बघा

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मनगट वाकलेलं राहतंय असं समजा. मनगटातून जाणाऱ्या नसेवर दाब येतो. लिव्हर फार वर किंवा फार खाली असला की हे होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर भार तळहाताच्या बाहेरच्या कडेवर पडतोय, नाहीतर कोपर फार वेळ दुमडलेलं राहतंय. तिथे हँडलचा मागे येणारा कोन तपासावा लागतो. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, मानेच्या खाली दुखत असेल तर बहुधा हँडल लांब पडतंय. कमरेच्या अगदी खाली, माकडहाडाशी दुखत असेल तर उलट: हँडल जवळ किंवा फार उंच आहे, धड सरळ ताठ बसतंय आणि रस्त्याचा प्रत्येक हादरा मणक्यातून वर जातोय.

रात्री झोपेतही मुंग्या येत असतील, किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर पान्हा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. ते हँडलचं काम राहिलेलं नाही.

सीटही बघा. सीटला पुढे उतार असेल तर अंग टाकीकडे घसरत राहतं आणि ते अडवायचं काम हात करतात. अशा गाडीवर कितीही रायझर घाला, तळहात दुखायचे थांबत नाहीत. सीट सरळ करून घ्या, गुडघ्यांनी टाकी धरायची सवय लावा. टायरमधली हवाही कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आहे ना, ते पाहा. पुढचं टायर दगडासारखं कडक असलं की हादरे थेट मुठीत येतात.

गाडीवर बसून मोजणी

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. मेन स्टँड नसेल तर कुणाला तरी मागून धरायला सांगा. नेहमीचे बूट, हेल्मेट, पावसाळा असेल तर रेनकोटसुद्धा घाला. रेनकोटमध्ये खांदे आखडतात आणि पोहोच कमी होते, गोव्यात वर्षातले चार महिने तो अंगावर असतोच. आता डोळे मिटा, पाठ सैल सोडा, हात समोर उचला आणि मुठी असाव्यात असं वाटेल तिथे नेऊन थांबवा. डोळे उघडा. मुठी तिथेच असतील तर हँडलला हात लावू नका. वर, खाली, पुढे, मागे, कुठे किती अंतर पडतं ते टेपने मोजून लिहून ठेवा. शेजारी कुणी उभं असेल तर बाजूने एक फोटो काढून घ्या.

फोटोत तीन गोष्टी बघायच्या. कोपर थोडं वाकलेलं हवं, हात ताठ नको. मनगट आणि पुढचा हात एका रेषेत हवा. खांदे कानांकडे उचललेले नसावेत. हँडल धरून असताना बोटं दोन क्षण सुटी केली तर अंग पुढे पडता कामा नये. पडलं, तर तुमचा भार हातांवर आहे.

लिव्हर: सगळ्यांत कमी कष्ट, सगळ्यांत जास्त फरक

पणजीच्या कदंब बसस्थानकाबाहेर पिवळ्या मडगार्डच्या गाड्या घेऊन पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाले, उभे असतात. दिवसभर माणसं पोहोचवणारी ही मंडळी. त्यांच्यातल्या एका वयस्क काकांच्या गाडीचा क्लचचा लिव्हर इतर गाड्यांपेक्षा स्पष्ट खाली झुकलेला दिसला, म्हणून विचारलं, “काका, लिव्हर एवढा खाली कशाला?” ते म्हणाले, “अरे, दिवसभर दोन बोटं त्याच्यावर असतात. हात वर उचलून क्लच दाबायचा तर संध्याकाळी चमचा धरवत नाही.” त्यांच्या क्लच लिव्हरचं रबर दोन बोटांच्या जागी झिजून गुळगुळीत झालं होतं, आणि ती जागा मुठीवरच्या बोटांच्या बरोबर समोर होती.

लिव्हर लावायची पद्धत हीच. गाडीवर बसून हात मुठीवर ठेवा, बोटं सरळ पुढे लांबवा. बोटं, मनगट आणि पुढचा हात एका रेषेत राहून बोटांची टोकं लिव्हरवर टेकली पाहिजेत. ताठ बसायच्या गाड्यांवर हा कोन आडव्या रेषेपासून साधारण २० ते ३० अंश खाली येतो. आकडा पाळायची गरज नाही, तुमचा हात सांगेल तो खरा.

लिव्हरच्या बुडाशी हँडलला धरणारे छोटे बोल्ट असतात, एक किंवा दोन. ते पूर्ण काढायचे नाहीत, लिव्हर हाताने जोर लावून फिरेल इतपतच ढिले करायचे. फिरवा, बसून पाहा, पुन्हा फिरवा. कसताना जोर बेताचा ठेवा. हे बहुधा एम-६ चे, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचे, बोल्ट असतात आणि ते तुटले की अर्धा तुकडा आतच राहतो.

उजव्या बाजूला, म्हणजे पुढच्या डिस्क ब्रेकच्या लिव्हरजवळ, जास्त काळजी घ्यायची. तिथे ब्रेक ऑइलची डबी असते. लिव्हर फिरवला की डबीही फिरते. ती फार तिरकी झाली तर आतली पातळी एका बाजूला जाते आणि हवा आत ओढली जाऊन ब्रेक स्पंजी होऊ शकतो. म्हणून गाडी स्टँडवर सरळ असताना डबी जवळपास आडवी राहील एवढंच फिरवा. काही क्लॅम्पवर बाण किंवा ‘अप’ अशी खूण असते. ती वरच्या बाजूला हवी, आणि असे दोन बोल्ट असतील तर वरचा आधी कसायचा, खालचा नंतर. डबीतलं ऑइल टाकीवर सांडलं तर रंग खाऊन टाकतं. काम करताना टाकीवर जुना टॉवेल टाका. सांडलंच तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुऊन काढा.

क्लचचा लिव्हर लावून झाला की त्याचा प्ले तपासा. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल बऱ्याच गाड्यांना लागते. तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा घ्या. प्ले अजिबात नसेल तर क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि घाटात चढावर गाडी नुसती रेस होते, पुढे सरकत नाही. लिव्हर बोटांना लांब पडत असेल तर जवळ आणता येणारे ॲडजस्टेबल लिव्हर मिळतात. लहान हातांच्या माणसांना, विशेषतः मुलींना आणि बायकांना, त्यांचा उपयोग माझ्या मते कुठल्याही महागड्या हँडलपेक्षा जास्त आहे.

हँडल फिरवणं

हँडल वरच्या टीवर दोन क्लॅम्पमध्ये बसतं. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे दोन्ही पाय वरून धरणारा जो जाड तुकडा असतो, त्याला गॅरेजात टी म्हणतात. क्लॅम्पचे चार बोल्ट ढिले केले की हँडल स्वतःभोवती फिरतं. मुठी मागे आणि खाली येतात, किंवा पुढे आणि वर जातात. ढिले करण्याआधी मार्करने हँडल आणि क्लॅम्प दोन्हींवरून एक रेघ ओढा. परत मूळ जागी आणायचं झालं तर तीच रेघ उपयोगी पडते. बऱ्याच हँडलांवर कंपनीची बारीक ठोकलेली खूणही असते.

एका वेळी थोडंच फिरवा, पाच अंशांच्या आत. एवढ्यानेही मुठीवर ते स्पष्ट जाणवतं. फार मागे फिरवलं की मुठींची टोकं खाली झुकतात, मनगट बाहेरच्या बाजूला वाकतं आणि करंगळीकडची बोटं बधिर होतात. हँडल जवळ हवंय म्हणून लोक फिरवत राहतात. तिथे खरं तर हँडल मागे सरकायला हवं असतं, आणि ते फिरवून होत नाही. ते रायझरचं काम.

कसताना बोल्ट एकदम एकेक करून घट्ट करू नका. चारही आलटून पालटून, थोडे थोडे. काही गाड्यांत पुढचे दोन आधी पूर्ण कसून मागे फट ठेवायची असते, काहींत दोन्हीकडे सारखी फट हवी असते. हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, सर्व्हिस मॅन्युअल बघा किंवा ती गाडी रोज उघडणाऱ्या मेकॅनिकला विचारा. एम-८ बोल्टांचा टॉर्क, म्हणजे कसताना लावायचा जोर, बहुतेक ठिकाणी २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण शेवटचा आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच. हे काम टॉर्क रेंचनेच, म्हणजे हा जोर मोजून कसणाऱ्या पान्ह्यानेच करा. लांब पाइप लावून कसलेला बोल्ट टीमधले आटे सोलून टाकतो, आणि टी बदलायची म्हणजे पुढचा अख्खा भाग उघडायचा.

कसून झालं की पुढच्या चाकासमोर उभं राहून चाक गुडघ्यांत धरा आणि हँडल जोराने पुढे-मागे, डावी-उजवीकडे ढकला. तसूभरही हललं तर रस्त्यावर न्यायचं नाही.

रायझर कधी, किती

लिव्हर आणि कोन लावूनही फोटोत हात ताठ दिसत असतील, आणि तुमच्या मोजणीत हँडल वर हवं असं आलं असेल, तर रायझर. हे हँडलच्या क्लॅम्पखाली बसणारे ठोकळे. साधे रायझर फक्त वर उचलतात, काही मागेही आणतात.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवली की खरेदीत चूक होत नाही. फोर्क सरळ उभा नसतो, मागे झुकलेला असतो. बऱ्याच रोडस्टर गाड्यांत तो झुकाव २५ अंशांच्या आसपास असतो. रायझर फोर्कच्या रेषेत बसला तर हँडल वर जाताना मागेही येतं. ३० मिलिमीटरचा रायझर २५ अंशांवर बसवला तर हँडल साधारण २७ मिलिमीटर वर आणि जवळपास १३ मिलिमीटर मागे येईल. म्हणजे ‘वर आणि थोडं जवळ’ हवं असणाऱ्याला बहुधा साधा सरळ रायझरच पुरतो, मागे आणणारा महाग रायझर लागत नाही.

२० ते ३० मिलिमीटरपर्यंत बऱ्याच गाड्यांच्या मूळ केबल आणि ब्रेकचा पाइप पुरतो, पण हे तपासल्याशिवाय मानू नका. तपासणी पुढे दिली आहे. त्याहून उंच जायचं तर केबल, पाइप, वायरिंग सगळंच लांब करावं लागतं आणि कामाचं स्वरूपच बदलतं.

रायझरबरोबर लांब बोल्ट येतात. ते टीमध्ये किती खोल जातात ते स्वतः बघा. ॲल्युमिनियममध्ये एम-८ बोल्ट किमान १२ मिलिमीटर तरी आट्यात शिरलेला हवा. बोल्ट आखूड निघाला तर तो बदलून घ्या. मजबुतीची खूण, म्हणजे डोक्यावर ८.८ किंवा १०.९, असलेलाच घ्या. रस्त्याकडेच्या हार्डवेअरमधला बिनखुणेचा बोल्ट या जागी चालत नाही.

नवं हँडल घ्यायचंच असेल

चार मापं: जाडी, रुंदी, चढ, आणि मुठी किती मागे येतात ते. जाडी व्हर्नियरने क्लॅम्पच्या जागी मोजा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती २२ मिलिमीटर असते. काहींत जाड, क्लॅम्पमध्ये २८.६ मिलिमीटर आणि मुठीशी २२ मिलिमीटर होणारं हँडल असतं, क्रूझरमध्ये २५.४ मिलिमीटरही सापडतं. जाडी चुकली की क्लॅम्प धरत नाही. पत्र्याची पट्टी घालून जुळवायच्या भानगडीत पडू नका.

रुंदी खांद्यांच्या मापाने ठरवा. खांद्यांपेक्षा थोडं रुंद हँडल वळवायला हलकं लागतं, पण फार रुंद झालं की पूर्ण वळणावर बाहेरची मूठ हाताबाहेर जाते. हे कळायला रायबंदर–चोडण फेरीबोटीसारखी दुसरी जागा नाही. ओला, शेवाळलेला रॅम्प, दोन्ही बाजूंना दुचाकी खेटून उभ्या, हँडल पूर्ण वळवून पाय टेकत टेकत गाडी जागेवर लावायची. तिथे रुंद हँडलाचा आरसा शेजारच्याच्या लिव्हरला अडकतो, आणि पूर्ण वळवलेल्या बाजूला क्लच दाबताना खांदा ओढला जातो. फोंतेन्यासच्या गल्ल्यांत रोज जाणाऱ्यांनाही हेच सांगेन, दोन इंच रुंदीचा मोह टाळा.

धातूचं बोलायचं तर लोखंडी पाइप वाकतो, पण तुटण्याआधी इशारा देतो. ॲल्युमिनियम हलकं असतं, गंजत नाही, मात्र पडल्यावर वाकलं तर सरळ करून वापरू नये, बदलावं. किनाऱ्यालगत, म्हणजे बार्देश, तिसवाडी, सासष्टी भागात राहणाऱ्यांच्या गाड्यांवर क्रोम वर्षभरातच ठिपके धरतं. तिथे पावडर कोटिंगचं किंवा ॲनोडाइज्ड हँडल टिकतं.

स्विचच्या डब्यांच्या आत बहुधा एक छोटी खिट्टी असते, ती हँडलच्या भोकात बसून डबी फिरू देत नाही. नव्या हँडलला भोक नसेल तर ते पाडावं लागतं. सगळी मांडणी बसून निश्चित झाल्यावरच खूण करा, भोक खिट्टीपुरतंच ठेवा, आणि क्लॅम्पजवळ किंवा वाकाच्या जागी अजिबात पाडू नका. तिथे भोक पडलं की हँडल तिथूनच मोडतं. ॲक्सिलरेटरच्या बाजूची खिट्टी कापून टाकणारे मेकॅनिक असतात. ती डबी फिरली तर ॲक्सिलरेटर अडकू शकतो, म्हणून त्यांना स्पष्ट नाही म्हणा.

मुठीच्या टोकांची वजनं नव्या हँडलला पुन्हा लावा. ती शोभेची नाहीत, कंप कमी करतात. मुठींना चिकटवण्याचं योग्य द्रव्य लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत गाडी काढू नका. पावसात फिरणारी मूठ ही सगळ्यांत वाईट गोष्ट.

केबल आणि ब्रेकचा पाइप: इथे घाई नको

हँडल थोडंही हललं की ही तपासणी पूर्ण करायची. उघड्यावर, न्यूट्रलमध्ये गाडी सुरू करा, आयडलवर ठेवा. हँडल हळूहळू पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. अशी गाडी वळणावर स्वतःहून पुढे झेप घेते. मग इंजिन बंद करून दोन्ही टोकांना ॲक्सिलरेटर पूर्ण फिरवून सोडा. तो तत्काळ परत आला पाहिजे. रेंगाळला तर केबलचा मार्ग चुकलाय किंवा ती कुठेतरी चिमटली गेलीय.

दोन्ही टोकांना क्लचचा प्ले पुन्हा पाहा. एका बाजूला तो गायब होत असेल तर केबल आखूड पडतेय. पुढे ड्रम ब्रेक असेल तर त्याच्या केबललाही हेच लागू.

ब्रेकचा पाइप तपासताना पुढचं चाक जमिनीवरून उचललेलं हवं, म्हणजे फोर्क पूर्ण लांबलेला असतो. गाडी जमिनीवर असताना पुरेसा दिसणारा पाइप, खड्ड्यातून चाक खाली पडताना ताणला जातो. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत डबीपासून तिच्या मॉड्यूलकडे जाणारा पाइप हँडलबरोबर ताणतो आणि चाकाकडे जाणारा फोर्कबरोबर. दोन्ही वेगवेगळे बघा. कुठेही पीळ, तीक्ष्ण वळण किंवा टाकीला घासणं नको. पाइप बदलायचा ठरला तर जोडणीतले तांब्याचे वॉशर नवेच घाला, आणि हवा काढायचं काम, विशेषतः एबीएसच्या गाडीवर, ते नेहमी करणाऱ्याकडूनच करून घ्या. नवख्याने इथे थांबावं असं माझं ठाम मत आहे.

स्विचच्या वायरी फोर्कच्या मानेजवळ ताणतात. तो ताण लगेच कळत नाही. वायर आतून तुटायला वेळ लागतो, आणि मग एखाद्या रात्री हँडल वळवताच हेडलाइट जातो. वायरींना मानेजवळ सैल वळसा हवा. प्लास्टिकच्या पट्ट्या करकचून आवळू नका.

शेवटचं: पूर्ण वळवल्यावर मूठ आणि टाकी यांच्यात अंगठा मोकळा राहतो ना? आणि स्टिअरिंग लॉक लागतं ना?

मीटर, मोबाइल, चार्जर

हँडल वर आलं की मीटर झाकला जातो. केबलचा झुबका बरोबर आकड्यांसमोर येतो. आधी केबलचा मार्ग बदलून पाहा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. न पुरल्यास मीटर थोडा पुढे-वर घेणारी पट्टी बनवून घ्या, स्टेनलेस किंवा जाड ॲल्युमिनियमची. मीटरखालचे रबरी बुश मात्र जसेच्या तसे वापरा. ते काढून मीटर थेट पट्टीवर आवळला की कंपाने आतले जोड सुटतात.

मीटरचा कोन असा ठेवा की नजर खाली घेताना मान हलू नये, डोळेच हलावेत. दुपारच्या उन्हात काचेवर आकाश चमकत असेल तर वरची कड थोडी पुढे किंवा मागे करून पाहा, एखाद्या बोटाच्या फरकाने आकडे दिसू लागतात. ज्या मीटरला खाली पाणी निघायचं भोक असतं ते भोक खालीच राहू द्या. आपल्या जून-जुलैच्या पावसात काचेआड वाफ धरायला एवढंच कारण पुरतं. जुन्या गाड्यांमध्ये स्पीडोमीटरची केबल चाकाकडून येते, तिला मोठा, सैल वळसा हवा. तीक्ष्ण वळण आलं की काटा थरथरतो आणि केबल आतून झिजते.

मोबाइल मधोमध किंवा किंचित डावीकडे, नजरेच्या जवळ, पण न्यूट्रल, ऑइल आणि एबीएसचे दिवे झाकणार नाहीत असा. हँडल पूर्ण वळवून तो टाकीला किंवा केबलला लागत नाही हे बघा. इंजिनाच्या कंपाने मोबाइलचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये स्वतः दिला होता. मोठ्या एकसिलिंडर गाड्यांवर कंप शोषणारा होल्डर घ्या, किंवा मोबाइल खिशात ठेवून कानात दिशा ऐका. चोर्ला घाटात पावसाळ्यात धुकं उतरलं की स्क्रीनचा तसाही उपयोग नसतो.

चार्जरला वीज चावी बंद केल्यावर बंद होणाऱ्या वायरीवरून घ्या, बॅटरीजवळ फ्यूज घाला, ५ अँपिअरचा पुरे. जोड पिळून टेप लावलेला नको, कनेक्टर वापरा. सॉकेटला रबरी झाकण हवंच, आणि ते खाली तोंड करून बसवा.

आरसे

सगळं झाल्यावर लावा. कोपर आरशात थोडं दिसावं, बाकी सगळा रस्ता. हँडल उंचावल्यावर आरसे हालत असतील तर बुडाचा नट ढिला आहे का ते आधी पाहा.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या, म्हणजे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी पडेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए खाली अवैध फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. लिव्हर लावणं, मूळ हँडल फिरवणं, आरसे जुळवणं या गाडीच्याच ॲडजस्टमेंट आहेत. नवं हँडल घेताना मात्र उत्पादकाच्या अधिकृत ॲक्सेसरीत तुमच्या मॉडेलसाठी काही आहे का ते आधी बघा. तिथे मिळालं तर वाद, वॉरंटी, विमा, सगळ्याच बाजूंनी बरं. खांद्यावरून वर जाणारी हँडलं, आरसे काढून टाकणं, स्पीडोमीटर न दिसणं, हे सगळं टाळा. मोबाइल चालवताना फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरायची मुभा आहे, हा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. आणि भाड्याची, काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांची गाडी असेल तर मालकाला विचारल्याशिवाय एकही बोल्ट हलवू नका. लिव्हर लावून द्यायला तोच तयार होतो.

खारी हवा आणि पहिला आठवडा

ॲल्युमिनियमच्या टीत लोखंडी बोल्ट आणि वर समुद्राची हवा, हे मिश्रण दोन पावसाळ्यांत बोल्ट जाम करतं. आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारा लेप) किंचित लावा, पण ते लावल्यावर टॉर्क थोडा कमी ठेवावा लागतो, कारण आटे घसरडे होऊन त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. उघड्या बोल्टांच्या खोबणीत थोडं ग्रीस भरा, म्हणजे लाल धूळ आणि पाणी तिथे साचत नाही.

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात. आठाचा आकडा दोन्ही बाजूंनी, पूर्ण वळण, जोराचा ब्रेक, पुन्हा पूर्ण वळण. मग गावातला गतिरोधकांचा रस्ता, आणि मगच महामार्ग. हात नव्या जागेला रुळायला वेळ घेतात, त्यामुळे दोन-चार दिवस काहीच बदलू नका. त्यानंतरही दुखत असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सकाळी गार गाडीवर सगळ्या रेघा पाहा, जिथे रेघ तुटलेली दिसेल तो बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा कसा आणि नवी रेघ ओढा. चोर्ला किंवा अनमोड घाट करून आलात तर घरी पोहोचल्यावर हीच पाहणी आणखी एकदा करा.